अवयवरोपणानंतरची आकडी : उपचारातील एक पेच

मूत्रपिंडरोपणाची शस्त्रक्रिया होऊन आठ-दहा दिवस लोटले आहेत. आईने दिलेले मूत्रपिंड मुलाच्या शरीरात नीट काम करू लागले आहे. लघवीचे प्रमाण समाधानकारक आहे, रक्तातील क्रिएटिनिन उतरत उतरत जवळजवळ निरोगी माणसाच्या पातळीवर आले आहे आणि घरी जाण्याची भाषा सुरू झाली आहे. अशा एखाद्या दिवशी सकाळपासून रुग्ण डोके दुखत असल्याची तक्रार करतो, दुपारी समोरचे धूसर दिसते असे म्हणतो आणि संध्याकाळी, बोलता बोलता, त्याचे डोळे फिरतात, अंग ताठ होते व हातपाय झटके देऊ लागतात. दोन-तीन मिनिटांत सारे शमते. खाटेजवळ बसलेल्या आईच्या मनात त्या वेळी एकच प्रश्न उभा राहतो : आपले मूत्रपिंड मुलाला बाधले की काय?

हे वर्णन कोणा एका रुग्णाचे नाही. अवयवरोपण करणाऱ्या रुग्णालयांतील डॉक्टरांना व परिचारिकांना ते ओळखीचे वाटेल. आईच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. मूत्रपिंड बाधलेले नसते; पुष्कळदा बाधलेले असते ते मूत्रपिंड टिकावे म्हणून दिलेले औषध. परंतु या उत्तराने समाधान होण्याऐवजी खरा पेच सुरू होतो. ते औषध बंद करावे तर शरीर नवा अवयव नाकारील. आणि आकडी थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे वापरात असलेले, कोणत्याही दुकानात मिळणारे औषध द्यावे तरीही, वेगळ्या वाटेने का होईना, अवयवावरच संकट येईल. आकडी थांबवायची आणि अवयवही वाचवायचा, ही दुहेरी जबाबदारी कशी पार पाडावी, हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

हा पेच समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाच्या शरीरात रोपले आणि ते टिकले. या यशात शल्यकौशल्याइतकाच निसर्गाचा वाटा होता. दोघे भाऊ एकाच फलित बीजापासून जन्मलेले असल्यामुळे एकाच्या शरीराला दुसऱ्याचा अवयव परका वाटला नाही. इतर माणसांना हे भाग्य लाभत नाही. आईचा अवयवसुद्धा मुलाच्या शरीराला काही अंशी परकाच असतो, आणि परक्याला हुसकावून लावणे हा तर प्रतिकारशक्तीचा धर्म होय. ती दडपण्यासाठी प्रारंभी अझाथायोप्रिन व स्टेरॉइड या दोन औषधांवर भिस्त होती. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले आणि भारतात या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला, तो काळ याच दोन औषधांचा होता.

त्यानंतर आले सायक्लोस्पोरिन. नॉर्वेतील एका उंच, उजाड पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी सापडली. स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यापासून हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९७८ साली केंब्रिजचे शल्यचिकित्सक रॉय कॅल्न यांनी रोपणाच्या रुग्णांवरील त्याच्या उपयोगाचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि पुढील काही वर्षांत अवयवरोपणाचे चित्रच पालटले. यकृत आणि हृदय यांचे रोपण तोवर बव्हंशी धाडसाच्या सदरात मोडत असे. ते आता उपचारांच्या सदरात आले. १९८४ साली जपानमधील त्सुकुबा पर्वताच्या परिसरातील मातीत असलेल्या एका सूक्ष्मजीवापासून टॅक्रोलिमस मिळाले, आणि १९८९ पासून थॉमस स्टार्झल यांनी पिट्सबर्ग येथे यकृतरोपणाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग सुरू केला. आज जगभर, भारतातही, बहुसंख्य रुग्णांचा नवा अवयव मुख्यतः टॅक्रोलिमसच्या आधारावर टिकून असतो.

या दोन्ही औषधांची योग्य मात्रा ही अरुंद पायवाटेसारखी आहे. रक्तातील पातळी थोडी खाली गेली की शरीर अवयव नाकारू लागते. थोडी वर गेली की मूत्रपिंड आणि मज्जासंस्था यांना इजा होते. हात कापणे, झोप न येणे, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही मज्जासंस्थेच्या इजेची चढती लक्षणे होत आणि आकडी ही त्यांतील सर्वांत भयावह. पातळी ठरलेल्या मर्यादेत असतानाही आकडी येऊ शकते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. प्रयोगशाळेचा आकडा निर्दोष आहे म्हणून औषधाला निर्दोष ठरवता येत नाही. रक्तातील मॅग्नेशियम कमी असेल, रक्तदाब वाढलेला असेल, यकृताच्या दुखण्यामुळे कोलेस्टेरॉल फार उतरलेले असेल किंवा औषध तोंडाऐवजी शिरेतून दिले जात असेल, तर हा धोका अधिक वाढतो. त्यातही ही औषधे मूत्रावाटे मॅग्नेशियम वाहून जाऊ देतात. म्हणजे आकडीला अनुकूल भूमी ती स्वतःच तयार करतात.

डोके दुखणे, दृष्टी धूसर होणे आणि मग आकडी, हा जो क्रम प्रारंभी सांगितला त्याचा उलगडा १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लेखाने बराचसा केला. त्यात पंधरा रुग्णांची हकीकत होती. त्यांपैकी काहींना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू होती, काहींचा रक्तदाब अतोनात वाढलेला होता, काही स्त्रियांना बाळंतपणातील आकडी आली होती. रोग वेगवेगळे, पण मेंदूचे चित्र सारखे : मेंदूच्या मागील भागात, जेथे दृष्टीचे केंद्र असते तेथे, सूज. रक्तदाब कमीजास्त झाला तरी मेंदूतील रक्तप्रवाह एकसारखा ठेवण्याचे काम तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या करतात. त्यांच्या आतल्या अस्तराला इजा झाली किंवा दाब त्यांच्या आवाक्याबाहेर गेला की द्रव बाहेर पाझरतो. मागील भागातील वाहिन्यांवर मज्जातंतूंचे नियंत्रण तुलनेने विरळ असते, म्हणून पाझर तेथे प्रथम होतो, असे मानले जाते. या विकाराला इंग्रजीत जे लांबलचक नाव पडले त्यात तो मेंदूच्या मागील भागात होतो आणि बरा होतो, अशा दोन्ही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पुढील अनुभवाने दोन्हींना अपवाद सापडले. तरीही बहुतेक रुग्ण वेळीच काळजी घेतल्यास पूर्ववत होतात, हे खरे. रक्तदाब हळूहळू उतरवणे, मॅग्नेशियम भरून काढणे, औषधाची मात्रा कमी करणे किंवा टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन अथवा उलट असा पालट करणे, एवढ्यावर पुष्कळदा काम भागते.

मात्र प्रत्येक आकडीचे खापर या औषधांवर फोडणे धोक्याचे आहे. आकडी हे लक्षण आहे, रोग नव्हे. यकृताच्या रुग्णाच्या रक्तात शस्त्रक्रियेपूर्वी सोडियम बरेच कमी असते; ते शस्त्रक्रियेच्या धामधुमीत झपाट्याने वाढले तर मेंदूच्या देठातील मज्जातंतूंचे आवरण नष्ट होते. हृदयाच्या रुग्णात रक्ताची गुठळी अथवा काही काळ प्राणवायूचा तुटवडा हे कारण असू शकते. मूत्रपिंड अद्याप नीट चालत नसेल तर सेफेपिम किंवा इमिपेनेम यांसारखी प्रतिजैविके शरीरात साचून आकडी आणतात. रक्तातील साखर उतरणे हे कारण सर्वांत साधे आणि म्हणूनच सर्वांत विसरले जाणारे. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबाने त्याचा निकाल लागतो, आणि तो थेंब इतर सर्व तपासण्यांच्या आधी घेतला पाहिजे.

यकृतरोपणानंतर रुग्ण शुद्धीवर येत नाही, हातपाय मात्र शांत आहेत, अशी स्थिती कधी कधी उद्भवते. भुलीच्या औषधांचा अंमल उतरला नसेल, असे समजून वाट पाहिली जाते. मेंदूच्या विद्युतप्रवाहांचा आलेख घेतल्यास काही वेळा असे दिसते की, बाहेरून निश्चल असलेल्या या रुग्णाच्या मेंदूत आकडी अखंड चालू आहे. ज्या रुग्णालयात यकृतरोपण होते तेथे हा आलेख रात्री-अपरात्रीही काढता आला पाहिजे. या यंत्राची किंमत शस्त्रक्रियागृहातील इतर सामग्रीच्या मानाने फार नाही. अडचण बहुधा आलेख वाचणाऱ्या माणसाची असते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे उलटल्यावर कारणांची यादी बदलते. आता संसर्गाचा विचार प्रथम करावा लागतो. भारतात आकडी येऊन मेंदूच्या चित्रात कडे दिसले की डॉक्टरांच्या मनात दोन निदाने येतात : क्षय अथवा डुकरातील पट्टकृमीच्या अळ्यांमुळे झालेली गाठ. सर्वसामान्य रुग्णाच्या बाबतीत हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. रोपण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही. अॅस्परजिलस, क्रिप्टोकॉकस, नोकार्डिया, टॉक्सोप्लाझ्मा यांपैकी कोणीही तेथे ठाण मांडून बसलेला असू शकतो आणि प्रत्येकाचे औषध निराळे. पाठीच्या कण्यातील द्रव तपासणे, प्रसंगी मेंदूतील गाठीचा तुकडा काढून पाहणे, याला पर्याय नसतो. ताप नाही म्हणून संसर्ग नाही, हा निष्कर्षही येथे चालत नाही. कारण प्रतिकारशक्तीच दडपलेली असल्यामुळे ताप येण्याची यंत्रणाही मंदावलेली असते.

चालू असलेली आकडी थांबवण्याच्या बाबतीत फारसा मतभेद नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, मुठीत किल्ल्या कोंबणे या देशभर चालणाऱ्या उपायांनी आकडी थांबत नाही. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळते. पाच मिनिटांहून अधिक काळ चालणारी आकडी मात्र तातडीचा प्रसंग समजून लोराझेपॅम, मिडाझोलॅम अथवा डायझेपॅम द्यावे लागते. ही औषधे रोपणाच्या रुग्णालाही देता येतात. श्वासावर लक्ष ठेवले म्हणजे झाले. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे : पुन्हा आकडी येऊ नये म्हणून पुढे काय द्यावे?

गेल्या शतकात या प्रश्नाचे ठराविक उत्तर होते. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे. फेनिटॉइनचा आकडीवरील गुण मेरिट आणि पटनम यांनी १९३८ साली दाखवून दिला. कार्बामाझेपिन त्यानंतर आले. तिन्ही औषधे गुणकारी आणि स्वस्त आहेत. असंख्य माणसे त्यांच्या आधारावर आपापले संसार करीत आली आहेत आणि त्यांची निंदा करण्याचे काही कारण नाही. पण या तिघांत एक समान गुण आहे. यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात औषधांचे विघटन करणारी जी एंझाइमे असतात त्यांचे उत्पादन ही औषधे वाढवतात. कारखान्यात कामगारांची एक पाळी असावी आणि मालकाने अचानक तीन पाळ्या सुरू कराव्यात, तसे हे होते. त्या कारखान्यात नेमके सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस यांचेही विघटन होत असते. कालपर्यंत पुरेशी असलेली मात्रा आता पुरत नाही. गोळी तीच, वेळ तीच, रुग्णाचा नेमही तोच, आणि तरीही रक्तातील पातळी घसरत जाते.

स्टेरॉइडच्या बाबतीत ही गोष्ट सायक्लोस्पोरिनच्या आधीच ध्यानात आली होती. फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोन चालू असलेल्या मुलांच्या शरीरात रोपलेली मूत्रपिंडे कमी टिकतात, असे निरीक्षण १९७६ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी नोंदवले. आकडीच्या औषधामुळे प्रेडनिसोनचे विघटन वेगाने होत होते आणि मूत्रपिंडाचे संरक्षण उणे पडत होते. मुलाला आकडी येत नव्हती. मूत्रपिंड मात्र जात होते. सायक्लोस्पोरिन आल्यावर तोच प्रकार पुन्हा दिसून आला.

या घसरणीचा घात तिच्या संथपणात आहे. फेनिटॉइन सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी काही घडत नाही. एंझाइमांचे उत्पादन पूर्णपणे वाढण्यास सुमारे एक ते दोन आठवडे लागतात. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. आकडी पुन्हा आलेली नसते, म्हणून घरचे आनंदात असतात. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरलाही आपला उपचार लागू पडला याचे समाधान असते. मग वजन वाढते, पायांवर सूज येते, लघवी कमी होते. भारतात मूत्रपिंड देणारी व्यक्ती पुष्कळदा आई, बहीण किंवा पत्नी असते. तिच्यापाशी द्यायला दुसरे मूत्रपिंड नसते.

म्हणून या विषयाचे केंद्र मोठ्या शहरातील अतिदक्षता विभाग नसून तालुक्याच्या गावातील दवाखाना आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. शस्त्रक्रिया चेन्नईत, दिल्लीत, मुंबईत किंवा अहमदाबादेत होते. रुग्ण राहतो शेकडो मैल दूर. मध्यरात्री आकडी आली तर त्याला जवळच्या डॉक्टरकडेच नेतात आणि तो डॉक्टर त्याच्या कपाटात असलेले औषध देतो. त्यात त्याचा दोष नाही. रुग्णाच्या खिशात एक साधे कार्ड असावे. त्यावर कोणता अवयव कोणत्या तारखेला रोपला, कोणती औषधे किती मात्रेत चालू आहेत, शस्त्रक्रिया केलेल्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक कोणता आणि त्या विभागाला विचारल्याशिवाय कोणतेही नवे औषध नेमाने सुरू करू नये, एवढे लिहिलेले असावे. नव्या औषधांच्या संशोधनावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने या कार्डाचा खर्च नगण्य आहे आणि त्याचा लाभ कदाचित अधिक.

श्रोत्यांत जे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करणारे असतील त्यांच्यासाठी याच साखळीची दुसरी बाजूही सांगणे इष्ट आहे. काही औषधे एंझाइमांचे काम वाढवतात, तर काही ते अडवतात. खोकल्यासाठी दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीसाठी दिलेले फ्लुकोनाझोल किंवा रक्तदाबासाठी दिलेले डिल्टियाझेम यांमुळे टॅक्रोलिमसची पातळी वर चढते आणि कधी तेवढ्यानेच आकडी येते. जुलाब लागले असताना ही पातळी खाली जाईल असे वाटते, पण ती बहुधा वर जाते. उलट क्षयावरचे रिफॅम्पिसिन हे एंझाइम वाढवणाऱ्या औषधांत अग्रेसर आहे. मेंदूच्या क्षयामुळे आकडी आलेल्या रोपणाच्या रुग्णाला रिफॅम्पिसिन आणि फेनिटॉइन दोन्ही एकाच वेळी सुरू करणे म्हणजे नव्या अवयवावर दोन्ही बाजूंनी चाल करून जाणे होय. अशा वेळी रिफॅम्पिसिनऐवजी त्याच कुळातील, पण एंझाइमांवर सौम्य परिणाम करणारे रिफाब्यूटिन देण्याचा विचार तज्ज्ञ करतात.

सोडियम व्हॅल्प्रोएट एंझाइमे वाढवत नाही, म्हणून ते निर्धोक वाटते. मूत्रपिंडाच्या रुग्णात त्याला काही स्थान आहे. यकृताच्या रुग्णात मात्र ते टाळलेलेच बरे, कारण क्वचित का होईना ते यकृतालाच गंभीर इजा करते. शिवाय रक्तातील अमोनिया वाढवून रुग्णाला गुंगी आणते आणि मग ती गुंगी औषधाची की बिघडत चाललेल्या यकृताची, हे ठरवणे अवघड होऊन बसते.

१९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लेव्हेटिरासिटामने या पेचातून बरीचशी सुटका केली. ते यकृतातील त्या एंझाइमांच्या वाटेला जात नाही, रक्तातील प्रथिनांना फारसे चिकटत नाही आणि शिरेतूनही देता येते. त्यामुळे अवयवरोपणानंतर आज बहुतेक ठिकाणी प्रथम त्याचाच विचार होतो. तथापि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते; नवे मूत्रपिंड पूर्ण क्षमतेने चालत नसेल तर मात्रा त्या मानाने कमी करावी लागते. काही रुग्णांचा स्वभाव त्यामुळे चिडखोर किंवा खिन्न होतो. स्टेरॉइडमुळेही तसे होत असल्याने हा दोष सहज नजरेआड होतो. घरातील माणसांना विचारल्याखेरीज तो कळत नाही.

कधी कधी फेनिटॉइनवाचून गत्यंतर नसते. आकडी दुसऱ्या कशाने आवरत नाही, किंवा दुसरे काही हाताशी नसते. अशा प्रसंगी ते जरूर द्यावे. जीव वाचला तर अवयवाचा विचार. पण मग टॅक्रोलिमसची पातळी वरचेवर मोजावी आणि मात्रा वाढवीत न्यावी. ती दुप्पट किंवा त्याहूनही अधिक करावी लागल्याची उदाहरणे आहेत. फेनिटॉइनच्या पातळीचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. रक्तातील अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण पातळी कमी दिसते, प्रत्यक्ष काम करणारा मोकळा अंश मात्र पुरेसा किंवा अतिरिक्त असतो. आकडा पाहून मात्रा वाढवली की रुग्ण झोकांड्या खाऊ लागतो.

आकडी आली की ती आता जन्माची सोबतीण, ही समजूत रुग्णांच्या घरी खोलवर रुजलेली असते. मुलीचे लग्न, नोकरी, वाहन चालवणे या साऱ्यांवर तिची छाया पडते. दुसरीकडे घाबरलेली काही कुटुंबे सगळीच औषधे बंद करतात, आणि तो निर्णय अवयवाचा शेवट करतो. दोन्ही भीती निराधार आहेत, हे डॉक्टरने वेळ काढून सांगितले पाहिजे. औषधाची मात्रा, मीठ, साखर, मॅग्नेशियम किंवा रक्तदाब यांच्या बिघाडामुळे आलेली आकडी हा अपस्मार नव्हे. कारण दूर झाले, मेंदूचे चित्र पूर्ववत झाले की काही आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत आकडीचे औषध कमी करून थांबवता येते. मेंदूत व्रण राहिला असेल, पक्षाघात झाला असेल किंवा गाठ असेल, तर ते दीर्घकाळ घ्यावे लागते. प्रत्यक्षात असे घडते की, औषध सुरू करणारा डॉक्टर एक, पुढे तपासणारा दुसरा. ते बंद करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते आणि गोळी वर्षानुवर्षे चालू राहते.

ती बंद करतानाही घाई नको. फेनिटॉइन चालू असताना टॅक्रोलिमसची मात्रा वाढवून ठेवलेली असते. फेनिटॉइन थांबले की एंझाइमांच्या जादा पाळ्या हळूहळू बंद होतात. त्याला पुन्हा सुमारे दोन आठवडे, कधी अधिक, लागतात. या काळात टॅक्रोलिमसची मात्रा त्याच बेताने उतरवीत नेली नाही तर त्याची पातळी चढत जाऊन हात कापू लागतात, डोके दुखू लागते, आणि रुग्ण पुन्हा तेथेच येऊन पोहोचतो जेथून निघाला होता. म्हणून आकडीचे औषध बंद केल्याच्या तारखेची नोंद कार्डावर करावी आणि त्यानंतरचे तीन-चार आठवडे रक्ताची तपासणी दर आठवड्याला करावी.